वीज नसल्याचे ज्ञान : अनुपलब्धी आणि तारतंत्र्याची परीक्षा

एखादी वस्तू आहे हे कोणत्या साधनाने कळते, याविषयी भारतीय दर्शनांत पुष्कळसे एकमत आढळते. चार्वाकांचा अपवाद सोडला तर प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन साधने सर्वांनाच मान्य आहेत. एखादी वस्तू नाही हे कोणत्या साधनाने कळते, या प्रश्नावर मात्र मीमांसक, नैयायिक, बौद्ध आणि वेदान्ती शतकानुशतके वाद घालत राहिले. समोरच्या जमिनीवर घट नाही हे डोळ्यांनी दिसते की घट न दिसण्यावरून कळते, आणि न दिसणे हा जर ज्ञानाचाच अभाव असेल तर त्यातून ज्ञान कसे उपजते, असे त्या वादाचे स्वरूप आहे. ही सारी घटपटाची खटपट निष्फळ होती, अशी समजूत मराठी वाचकांत बरीच रूढ आहे. ती किती अपुरी आहे हे वीजजोडणीच्या कामाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसत असेल, कारण भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या तारेला हात लावण्यापूर्वी तारतंत्र्याला, म्हणजे रूढ भाषेत वायरमनला, जी एक गोष्ट निश्चित कळावी लागते ती एका वस्तूचे नसणे ही असते, आणि त्या निश्चयात चूक झाली तर ती सुधारण्याची संधी मिळेलच असे नाही.

येथे एक गैरसमज आधीच दूर करणे आवश्यक आहे. प्राचीन ग्रंथांत विजेचे शास्त्र दडलेले होते, असा दावा अलीकडे वारंवार केला जातो आणि त्याने ग्रंथांचे आणि शास्त्राचे, दोहोंचेही नुकसान होते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात आकाशातील विजेचा उल्लेख आहे. तेजाचे जे चार प्रकार तेथे सांगितले आहेत त्यांतील दिव्य तेजात तिची गणना केलेली असून पाणी हे तिचे इंधन मानलेले आहे. पदार्थविज्ञान म्हणून हे मत टिकणारे नाही आणि ते टिकवण्याचा खटाटोप करण्याचे कारणही नाही. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी संपादिलेली या ग्रंथाची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचे अस्तित्व प्रयोगाने दाखवले. हा केवळ योगायोग असला तरी दोन्ही परंपरांची कामे किती वेगळी आहेत हे त्यावरून चांगले लक्षात येते. वीज म्हणजे काय हे दुसरी परंपरा सांगते. ती आहे किंवा नाही हे कळले असे केव्हा म्हणावे, याची चिकित्सा पहिलीने अधिक बारकाईने केलेली आहे.

वीज म्हणजे काय, याचा नवशिक्याला आवश्यक तेवढा भाग थोडक्यात सांगता येतो. तांब्यासारख्या धातूत काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूशी जखडलेले नसतात, ते धातूभर मोकळे असतात. तारेच्या दोन टोकांत विद्युत विभवाचा फरक निर्माण झाला की हे मोकळे कण ढकलले जातात आणि विद्युतभार वाहू लागतो. विभवातील या फरकाला विभवांतर, किंवा व्यवहारात दाब, म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. भार वाहण्याच्या दराला विद्युतधारा म्हणतात आणि ती अँपिअरमध्ये मोजतात. धारेला होणाऱ्या विरोधाला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते, हा संबंध जर्मनीतील शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. धारा वाहण्यासाठी मार्ग पूर्ण असावा लागतो, म्हणजे जेथून ती निघते तेथे परत येण्याची वाट असावी लागते. अशा पूर्ण मार्गाला परिपथ म्हणतात. भारतात घरोघरी येणारा पुरवठा सुमारे २३० व्होल्टचा आणि प्रत्यावर्ती असतो, म्हणजे त्याची आंदोलने सेकंदाला ५० होतात आणि धारेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रल ही रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेली असते, म्हणून तिचा विभव जमिनीच्या जवळपास राहतो. दुसरी, म्हणजे फेज, न्यूट्रलच्या तुलनेत जितकी वेगळी असते तितकीच जमिनीच्या तुलनेतही वेगळी असते. यामुळेच जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने एकट्या फेजला स्पर्श केला तरी त्याच्या शरीरातून जमिनीपर्यंत परिपथ पूर्ण होतो.

दाबाची कल्पना देण्यासाठी उंचावरच्या टाकीची आणि नळाची उपमा शिकवताना नेहमी दिली जाते व ती काही अंतरापर्यंत उपयोगी आहे. परंतु ज्या ठिकाणी तिची सर्वांत अधिक गरज भासते त्याच ठिकाणी ती फसवते. नळ कापला की पाणी बाहेर उसळते आणि दाब असल्याचे सर्वांना कळते. तार कापली की काहीच बाहेर येत नाही, कारण हवा दुर्वाहक आहे, धारा थांबते आणि कापलेल्या टोकावर पूर्ण २३० व्होल्टचा दाब तसाच राहतो. त्या टोकाला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. जिवंत तार आणि मृत तार डोळ्यांना अगदी सारखी दिसते.

हा भेद पुसट असला तरी त्याचा परिणाम किती मोठा आहे हे एका साध्या हिशेबावरून दिसते. शरीराचा रोध त्वचेच्या ओलेपणाप्रमाणे पुष्कळ बदलतो. ओल्या हाताने तो सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो, आणि अशा वेळी २३० व्होल्टच्या दाबाने ०.२३ अँपिअर धारा वाहील. साठ वॅटचा साधा बल्ब जळतो तेव्हा त्यातूनही साधारण पाव अँपिअरच धारा जात असते. ज्या धारेने खोलीत बेताचाच उजेड पडतो तेवढीच धारा छातीतून गेली तर हृदयाची लय तोडण्यास पुरेशी असते, आणि म्हणूनच 'थोडीशी वीज' ही घरगुती जोडणीच्या संदर्भात निरर्थक कल्पना आहे.

आता अभावाच्या प्रश्नाकडे वळता येते. न्यायशास्त्राचा पहिला आग्रह असा की अभाव कधीही नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कोठे तरी असतो. ज्याचा अभाव सांगितला जातो त्याला प्रतियोगी म्हणतात आणि जेथे तो सांगितला जातो त्याला अधिकरण म्हणतात. घट हा प्रतियोगी, जमीन हे अधिकरण. ही दोन पदे सांगितल्याशिवाय 'नाही' हे विधान पूर्णच होत नाही. कामाच्या ठिकाणी 'करंट नाही' असे एवढेच म्हटले जाते, आणि नैयायिकाच्या कसोटीला ते दोन्ही बाजूंनी अपुरे ठरते. नाही ते काय, धारा की विभवांतर? आणि विभवांतर नाही असे म्हणायचे असेल तर ते कोणत्या दोन बिंदूंमध्ये, कारण विभवांतर एका बिंदूचे कधीच नसते, ते नेहमी दोहोंमधले असते?

या काटेकोरपणाची किंमत समजण्यासाठी चुकीने न्यूट्रलवर बसवलेल्या स्विचचे उदाहरण पुरेसे आहे. नियम असा की स्विच नेहमी फेजच्या मार्गात असावा. तो न्यूट्रलच्या मार्गात बसवला तरी दिवा नेहमीप्रमाणेच लागतो आणि विझतो, त्यामुळे घरच्यांना काहीही वावगे जाणवत नाही. पण स्विच बंद असताना दिव्यात नसते ती फक्त धारा. होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेजचा दाब जमिनीच्या तुलनेत जसाच्या तसा असतो, एका पिनेवर थेट आणि दुसरीवर दिव्याच्या तंतूतून आलेला. त्या दोन पिनांच्या मध्ये मापन केले तर शून्य येईल आणि ते शून्य खरेही असेल, कारण त्या दोहोंमध्ये फरक नाहीच. बल्ब बदलणारा माणूस मात्र त्या दोन पिनांच्या मध्ये उभा नसतो, तो पिन आणि जमीन यांच्यामध्ये उभा असतो. धारेच्या अभावाला दाबाचा अभाव समजणे आणि एका अधिकरणावरचा अभाव दुसऱ्यावर लादणे, या दोन्ही चुका येथे एकाच वेळी घडतात.

दुसरा प्रश्न साधनाचा. मीमांसक कुमारिल भट्टाने सातव्या शतकात असे प्रतिपादन केले की इंद्रियांचा संबंध असलेल्या वस्तूशीच येऊ शकतो, नसलेल्या वस्तूशी येऊ शकत नाही, म्हणून अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले पाहिजे. अद्वैत वेदान्त्यांनी हे मत स्वीकारले. नैयायिकांनी अभाव हा खरा पदार्थ मानला, पण त्याचे ज्ञान इंद्रियांनीच होते, न आढळणे हे केवळ साहाय्यक आहे, असे म्हटले. मीमांसेतल्याच प्रभाकराच्या अनुयायांनी अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारला; रिकाम्या जमिनीचे ज्ञान हेच घट नसल्याचे ज्ञान, असे त्यांचे म्हणणे. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानाच्या तीन हेतूंपैकी एक मानले. इतक्या टोकाच्या मतभेदांत एक अट मात्र कोणीही सोडली नाही, आणि या सर्व वादाचे मर्म तेथेच आहे असे म्हणण्यास हरकत नाही. ती अट योग्यतेची. वस्तू आढळली नाही एवढ्याने ती नाही असे ठरत नाही. ती असती तर या परिस्थितीत आढळलीच असती, असे म्हणता आले तरच तिचे न आढळणे हे ज्ञानाचे साधन होते. अंधारात घट न दिसणे म्हणजे घट नसणे नव्हे. स्वभावतःच अदृश्य मानलेला पिशाच दिसत नाही, एवढ्यावरून तो नाही असे सिद्ध करता येत नाही. उदयनाचार्यांनी तर 'न्यायकुसुमांजली'त याच आधारावर निरीश्वरवाद्यांना उत्तर दिले: जो मुळातच दिसण्याजोगा नाही, त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव काढता येत नाही. ईश्वराविषयीचा तो निष्कर्ष कोणी स्वीकारो अथवा न स्वीकारो, त्यामागचा तर्क निर्दोष आहे, आणि तारेवरचा दाब स्वभावतःच न दिसणारा असल्याने तो तर्क तारतंत्र्याला जसाच्या तसा लागू पडतो.

दाब दिसत नाही म्हणून तो दिसणाऱ्या खुणेत रूपांतरित करावा लागतो, आणि ते काम टेस्टर करतो. पेचकसाच्या आकाराच्या या साध्या उपकरणात निऑन वायूचा छोटा दिवा आणि त्याला जोडलेला अनेक लाख ओहमचा रोध असतो. टोक तारेला आणि बोट वरच्या टोपीला लावले की तार, रोध, दिवा, माणसाचे शरीर आणि जमीन असा परिपथ पूर्ण होतो. रोध दहा लाख ओहम असेल तर धारा पाव मिलिअँपिअरहूनही कमी राहते, म्हणून ती जाणवत नाही, तरी निऑनला तेवढी पुरते. येथे नवशिक्याचे लक्ष सहसा न जाणारी गोष्ट अशी की टेस्टर हा केवळ तारेची परीक्षा करत नाही. रोध, निऑन, बोटाचा स्पर्श, पायाखालची जमीन आणि पाहणाऱ्याचे डोळे या सर्वांची परीक्षा एकत्र होते. यांतील एकही दुवा निकामी असेल, निऑन फुटलेला असेल, माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी तळव्याच्या पादत्राणांसह उभा असेल, अथवा भर उन्हात तो फिकट नारिंगी उजेड डोळ्यांना दिसतच नसेल, तर तार पूर्ण जिवंत असूनही टेस्टर लागलेला दिसेलच असे नाही.

धूर तेथे अग्नी, हे अनुमान सर्वांना परिचित आहे. त्याचे उलट, अग्नी तेथे धूर, मात्र सिद्ध होत नाही, आणि त्यासाठी न्यायग्रंथांत तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण दिले जाते, ज्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धर्मकीर्तीने याच्याही पुढे जाऊन कार्य न आढळण्यावरून नेमके किती सिद्ध होते, हे ठरवून दिले. धूर नाही एवढ्यावरून धुराची कारणे नाहीत असे म्हणता येत नाही. ज्यांचे सामर्थ्य अडलेले नाही अशी कारणे नाहीत, एवढेच म्हणता येते. अप्रतिबद्ध सामर्थ्य हा त्याने घातलेला एक शब्द वीजजोडणीच्या सुरक्षेचा संपूर्ण नियम वागवतो. टेस्टर लागला नाही, यावरून सिद्ध होते ते इतकेच की एकतर दाब नाही, किंवा दाब आहे पण त्याचे कार्य कोठेतरी अडले आहे. या दोन शक्यतांतून पहिलीच शिल्लक राहावी यासाठी दुसरी स्वतंत्रपणे दूर करावी लागते.

कुशल तारतंत्री ती दूर करतो. तो आधी टेस्टर किंवा मापक अशा ठिकाणी लावतो जेथे पुरवठा निश्चित आहे, आणि उपकरण काम करते हे पाहतो. मग ज्या तारेवर काम करायचे तिची तपासणी करतो. आणि नंतर पुन्हा त्याच चालू ठिकाणी उपकरण लावून पाहतो. तिसरी पायरी अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु तिच्याविना पहिलीला पूर्ण अर्थ येत नाही, कारण उपकरण नेमके मधल्या क्षणी निकामी झाले असण्याची शक्यता तीच दूर करते. असती तर आढळली असती, हे वाक्य ग्रंथात तर्काने उभे केले जाते. येथे ते हाताने करून दाखवले जाते.

उपकरण बदलले तरी अट बदलत नाही. होल्डरमधील बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प टेस्टरपेक्षा विश्वसनीय मानला जातो आणि पुष्कळ बाबतींत तो तसा आहेही, पण फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये लावल्यावर तो लागला नाही याचा अर्थ न्यूट्रल कोठेतरी तुटलेली आहे असाही होतो, आणि तेव्हा फेज पूर्ण जिवंत असते. म्हणून तपासणी फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग (म्हणजे जमिनीशी जोडलेली तार), न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही जोड्यांमध्ये करावी लागते. उलट दिशेची चूकही संभवते: चालू तारेला लागून लांबवर गेलेल्या, दोन्ही टोकांनी मोकळ्या असलेल्या तारेवर प्रेरणेने इतका दाब येऊ शकतो की निऑन लुकलुकतो किंवा संवेदनशील मापक काही आकडा दाखवतो, पण त्यामागे भार पुरवण्याची शक्ती जवळजवळ नसते. ही दुसरी चूक वेळ खाते, पहिली चूक प्राण घेते. म्हणून दोहोंना सारखे लेखणे योग्य नाही.

शब्दप्रमाणाचाही येथे विचार करावा लागतो. खालून कोणीतरी 'मेन बंद केला' असे ओरडून सांगतो, आणि तो मनुष्य प्रामाणिक व जाणकार असतो, म्हणजे शास्त्राच्या भाषेत आप्त असतो. तरीही त्याच्या वाक्याचा विषय मेन स्विचची दांडी हा आहे, वरच्या खोलीतील ही तार हा नाही. दांडी खाली असूनही आतला एक संपर्क चिकटलेला असू शकतो, ही तार शेजारच्या दुसऱ्या परिपथातून आलेली असू शकते, घरातला इन्व्हर्टर तिला मागून दाब देत असू शकतो. आप्तवाक्य खरे असून निष्कर्ष खोटा ठरतो, कारण वाक्यात जे सांगितलेच नव्हते ते ऐकणाऱ्याने त्यात भरले.

नैयायिकांनी अभावाचे काळाच्या दृष्टीनेही प्रकार केले. उत्पत्तीपूर्वीचा तो प्रागभाव, नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव. प्रध्वंसाभावाला आरंभ आहे पण अंत नाही, कारण फुटलेला घट पुन्हा तोच घट म्हणून परत येत नाही. एमसीबी, म्हणजे धारा मर्यादेबाहेर गेली की आपोआप पडणारा स्विच, खाली पाडल्यावर तारेवर जो अभाव येतो त्याला नवशिका नकळत याच प्रकारात धरतो: वीज घालवली, ती गेली. वास्तविक तो त्या अभावासारखा आहे ज्याला काही नैयायिक निराळा प्रकार मानतात, जमिनीवरून उचललेल्या आणि पुन्हा आणून ठेवता येणाऱ्या घटाच्या अभावासारखा, जो उत्पन्न होतो आणि नाशही पावतो. तपासणीने मिळालेले ज्ञान त्या क्षणापुरते खरे असते. पुढच्या क्षणी कोणीतरी अंधार का झाला म्हणून एमसीबी वर करू शकतो. म्हणूनच मोठ्या कामांत एमसीबीला कुलूप घालून किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवण्याची आणि 'काम चालू आहे' अशी पाटी लावण्याची रीत आहे, तर वाहिनीवर काम करणारे लाईनमन परमिट घेतल्यावरही तारा आधी जमिनीशी जोडून घेतात.

राहतो तो प्रामाण्याचा प्रश्न. टेस्टरची खात्री चालू सॉकेटवर केली, पण ते सॉकेट चालू आहे याची खात्री कशाने? ज्ञान स्वतःच आपले खरेपण घेऊन येते असे मीमांसक मानतात आणि बाधक कारण आढळेपर्यंत ते खरे धरतात. ज्ञानाचे खरेपण दुसऱ्या ज्ञानाने, मुख्यतः यशस्वी कृतीने, ठरते असे नैयायिक म्हणतात. मीमांसकांचा आक्षेप असा की मग त्या दुसऱ्या ज्ञानासाठी तिसरे लागेल आणि मालिका कधीच संपणार नाही. त्यावर नैयायिकांचे उत्तर असे की जेथे संशयच उरत नाही तेथे मालिका थांबते: सॉकेटला जोडलेला दिवा डोळ्यांसमोर जळत असेल, तर त्यापुढे विचारण्यासारखे काही नाही. तारतंत्र्याच्या कामात नैयायिकांचा पक्ष अधिक योग्य वाटतो, कारण बाधक कारण आढळेपर्यंत तार मृत धरायची, हे मीमांसकांचे औदार्य येथे चालणारे नाही; बाधक कारण आढळते ते धक्क्याच्या रूपाने.

तरीही हा व्यवसाय केवळ प्रमाणांवर विसंबून राहत नाही, आणि दर्शनांच्या चर्चेत सहसा न येणारी गोष्ट त्याने येथे जोडलेली आहे. ज्ञान चुकू शकते हे गृहीत धरूनच तो जोडणी करतो. धातूच्या प्रत्येक आवरणाला अर्थिंगची तार जोडलेली असते, म्हणजे आतली फेज सुटून आवरणाला टेकली तर मोठी धारा जमिनीकडे वाहून फ्यूज वितळतो किंवा एमसीबी पडतो; आणि जेथे गळती लहान असते तेथे आरसीसीबी नावाचे उपकरण फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परतलेली धारा सतत तोलत राहते, ३० मिलिअँपिअरचा फरक आला की सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत पुरवठा तोडते. हे उपकरणही सर्वज्ञ नाही: फेज आणि न्यूट्रल या दोहोंना एकाच वेळी स्पर्श करणारा, जमिनीपासून अलग असलेला माणूस त्याच्या दृष्टीने बल्बपेक्षा वेगळा नसतो, कारण गेलेली सर्व धारा परत आलेली असते. शिवाय ते स्वतःही निकामी होऊ शकते, म्हणून त्याच्यावर एक चाचणीचे बटण बसवलेले असते, आणि ते ठरावीक काळाने दाबून उपकरण अजून तुटते की नाही, हे पाहावे लागते.